आधी वाटा ठरला, मग भिंत उठली : बलवडीच्या बळीराजा धरणाचं प्रकरण

येरळा नदी खटाव तालुक्यात उगवते, वडूजवरून खाली उतरते, खानापूर, कडेगाव, तासगावच्या कोरड्या पट्ट्यातून जाते आणि ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. 2018 च्या पावसाळ्यानंतर या नदीच्या काठचे काही तालुके सरकारनं दुष्काळी जाहीर केले. वर्षही उलटलं नव्हतं, तोवर 2019 च्या ऑगस्टमध्ये तिच्याच मुखाशी, ब्रह्मनाळला, महापुरातून माणसं बाहेर काढणारी बोट उलटली आणि माणसं गेली. एका नदीवर एका वर्षात दोन्ही टोकं पाहिलेल्या सांगली जिल्ह्याला हवामान बदल काय असतो हे वेगळं समजवायला नको.

समजवावी लागते ती पुढची गोष्ट. हवामानाला तोंड देण्यासाठी गावात जे काही येतं, शेततळं, ठिबक, सौर पंप, पीक नुकसानीची भरपाई, ते सगळं सातबाऱ्याच्या उताऱ्यावरून येतं. राज्यात 2024 साली सुरू झालेली ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना पाहा. अडीच एकरापर्यंत जमीन असेल तर 3 अश्वशक्तीचा पंप, पाच एकरापर्यंत 5 चा, त्याहून जास्त असेल तर साडेसातचा. सर्वसाधारण शेतकऱ्यानं किमतीचा 10 टक्के वाटा भरायचा, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं 5 टक्के. हा सवलतीतला फरक चांगलाच आहे. पण अर्जाला आधी जमीन लागते आणि त्या जमिनीत पाणी लागतं. ज्याच्याकडे विहीर आहे त्याला पंप, ज्याची विहीर मोठ्या रानात आहे त्याला मोठा पंप. दुसऱ्याचं रान वाट्यानं करणारा, ऊसतोडीला जाणारा, मेंढरं घेऊन फिरणारा, नवऱ्यानं टाकलेली बाई हे या यादीत कुठंच बसत नाहीत. दुष्काळ मात्र त्यांच्या दारात सगळ्यांच्या आधी येतो.

म्हणून मला पुन्हा पुन्हा खानापूर तालुक्यातल्या, येरळेकाठच्या बलवडी गावाचं प्रकरण काढावंसं वाटतं. ते जुनं आहे, चाळीस वर्षांपूर्वीचं. त्या वेळी ‘हवामान बदल’ हे शब्द खानापूर तालुक्यात कुणाच्या तोंडी नव्हते. पण पाणी कमी असताना ते कुणाचं, हा प्रश्न तिथं ज्या क्रमानं सोडवला गेला, तो क्रम आजच्या योजनांत मला सापडत नाही.

संपावरून परतलेली माणसं

विट्याच्या आसपासचा हा मुलूख कायम बाहेरच्या कमाईवर जगलेला. कुणी सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यात देशभर पांगलं, कुणी मुंबईच्या गिरणीत लागलं. घाटाकडच्या शिराळ्यात धोधो पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यात पूर्वेला आटपाडी-जतकडे वर्षाला 500 मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. जिराईत रानावर घर चालत नव्हतं, मुंबईच्या मनीऑर्डरीवर चालत होतं.

18 जानेवारी 1982 ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. महिने उलटले तसे अनेक कामगार गावी आले. गावी दुष्काळ. पोटासाठी रोजगार हमीची कामं मागायची वेळ आली, आणि त्या कामांवर गिरणीतला संघटनेचा अनुभव घेऊन आलेली ही माणसं आणि पिढ्यान्‌पिढ्या रोजानं राबणाऱ्या बाया-माणसं एकत्र आली. त्यातून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. कासेगावचे डॉ. भारत पाटणकर तिच्या नेतृत्वात होते.

रोजगार हमी हा महाराष्ट्राचा मोठा कायदा, 1972 च्या दुष्काळातून उभा राहिलेला आणि 1977 साली विधिमंडळानं मंजूर केलेला. पण कामावरच्या लोकांनी एक साधा प्रश्न विचारला. आम्ही खडी फोडतो, रस्ते करतो, पुढच्या दुष्काळात पुन्हा तीच खडी फोडतो. मग आमच्या घामातून दुष्काळ हटणारं काम का निघत नाही? आणि समजा निघालं, पाझर तलाव झाला, तर त्याचं पाणी कुणाच्या विहिरीला उतरतं? तलावाच्या खालच्या अंगाला ज्याचं रान, त्याच्या. ज्यांनी पाट्या वाहिल्या त्यांच्या हातात मजुरी तेवढी पडते.

या दुसऱ्या प्रश्नावर मी जरा थांबतो, कारण आजही श्रमदानाच्या कामात तो तसाच उभा आहे. 2016 साली पाणी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा राज्यातल्या तीन तालुक्यांत झाली, त्यात साताऱ्याचा कोरेगाव होता आणि पहिला क्रमांक कोरेगावातल्याच वेळू गावानं मिळवला. गावंच्या गावं टिकाव-फावडं घेऊन माळावर गेली, हे खरंच मोठं काम होतं. भूमिहीनही त्यात राबले. पाणी जमिनीत मुरलं की ते ज्याच्या रानात विहीर आहे त्याचं होतं, ही मात्र कुठल्या एका गावाची चूक नाही. आपल्याकडे पाण्याची मालकी रानाच्या मालकीच्या पाठोपाठ जाते, म्हणून असं होतं. राबायला सगळ्यांना बोलवायचं असेल तर वाट्याची बोलणी राबण्याच्या आधी व्हायला हवीत. मुरलेलं पाणी नंतर कुणी कुणाला काढून देत नाही.

वाळूचा हिशेब

येरळेची वाळू चांगली, बांधकामाला मागणी असलेली. सरकार तिचा लिलाव करी, ठेकेदार ट्रक भरून नेत, आणि काठच्या विहिरींची पातळी खाली जाई. नदीच्या पात्रातली वाळू हेच अशा नदीचं साठवणीचं भांडं असतं. वरून नदी कोरडी दिसली तरी वाळूच्या पोटात पाणी धरलेलं असतं, ते सावकाश काठच्या विहिरींना मिळतं. वाळू गेली की पावसाचं पाणी थांबत नाही, धावत सुटतं.

चळवळीनं पुण्याच्या लोकविज्ञान संघटनेच्या कार्यकर्त्यांना सोबत घेऊन तालुक्याच्या पाण्याचा, पिकांचा अभ्यास केला. गावकरी आणि शिकलेले लोक एकत्र बसून पूर्वी कुठली पिकं होती, ओढे कधी आटायला लागले हे मांडत होते. या अभ्यासातून दोन मागण्या पुढं आल्या. ठेकेदारांचा बेसुमार उपसा थांबवा. आणि वाळूतला थोडा, मोजका भाग आम्हाला विकू द्या, त्या पैशातून आम्ही आमचं धरण बांधतो.

नदी वाचवायची म्हणून वाळू विकायची, हे ऐकायला उलटं वाटेल. पण त्यात नीट विचार होता. नदीतून जे उत्पन्न निघतं त्यावर पहिला हक्क काठच्या गावांचा, आणि ते उत्पन्न नदीतच परत गुंतवायचं. सरकारी कचेऱ्यांना हे गळी उतरवायला मोर्चे काढावे लागले, ठिय्ये द्यावे लागले. अखेर परवानगी मिळाली. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात बलवडी आणि पलीकडच्या गावाच्या लोकांनी येरळेवर छोटं धरण उभं केलं. अभियंते के. आर. दाते यांच्यासारख्या जाणकारांनी तांत्रिक बाजूला हात दिला, बाहेरगावचे विद्यार्थी श्रमदानाला आले, आणि धरणाला नाव दिलं बळीराजा स्मृती धरण.

लोकांनी स्वतः बांधलेलं धरण म्हणून त्याचं कौतुक पुष्कळ झालं, होतंही. माझ्या मते मात्र या प्रकरणाचं खरं मोल भिंतीत कमी आणि तिच्या आधी ठरलेल्या नियमांत जास्त आहे.

पाणी घरटी, जमिनीवर नाही

नियम असे होते. पाण्याचा हक्क दोन्ही गावांतल्या प्रत्येक कुटुंबाला, जमीन असो वा नसो. वाटा सारखा. ऊस लावायचा नाही. पाणी भुसार पिकं, चारा, सरपण देणारी झाडं यांच्यासाठी.

भूमिहीनाला पाणी देऊन तो करणार काय, असा प्रश्न हे ऐकणारा प्रत्येक बागायतदार विचारतो. तो प्रामाणिक प्रश्न आहे, त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. समजा एकाकडे वीस एकर जिराईत आहे. सारख्या वाट्यानं त्याच्या पदरात जेवढं पाणी पडतं, त्यात त्यातलं थोडंच रान भिजतं. बाकीचं कोरडं राहतं. शेजारी एक घर असं आहे की त्याच्याकडे पाण्याचा वाटा आहे आणि रान नाही. आता हे दोघं एकमेकांकडे जाणार. भूमिहीन माणूस ते रान वाट्यानं करायला घेणार, आणि बोलणी करताना त्याच्या हातात या वेळी नुसते दोन हात नाहीत, पाणीही आहे. वाटा किती, बी-खत कुणाचं, हे सगळं त्यामुळं वेगळ्या पातळीवर ठरतं. ज्यानं जन्मभर दुसऱ्याच्या बांधावर उभं राहून काम मागितलं, त्याच्याकडे कुणीतरी काहीतरी मागायला येतं. जमिनीचं फेरवाटप न करता गावातली ताकद थोडी हलवायची ही युक्ती आहे, आणि मला ती फार मोलाची वाटते.

ही कल्पना आकाशातून पडली नव्हती. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी 1972 च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत सुरू केली. तिचा नियम माणशी अर्ध्या एकराला पाणी आणि एका घराला जास्तीत जास्त अडीच एकराला. भूमिहीनालाही वाटा, ऊस बंद. बलवडीनं तो विचार नदीवरच्या धरणाला लावला आणि त्यासाठी सरकारशी भांडली.

उसाबद्दल थोडं. या जिल्ह्यात उसाविरुद्ध बोलणं सोपं नाही, आणि कारखान्यांनी वाळवा-पलूसकडे घरं उभी केली हेही खरं आहे. पण एक एकर उसाला लागणाऱ्या पाण्यात तीन-चार एकर ज्वारी-हरभरा सहज निघतो. त्यामुळं सारखा वाटा आणि ऊस या दोन गोष्टी एका नियमावलीत बसूच शकत नाहीत. ज्या गावाला पाणी सगळ्यांना पुरवायचं आहे, त्याला पीक काय घ्यायचं यावर बोलावंच लागतं. ‘माझं रान, मी काहीही लावीन’ हे वाक्य पाणी सामाईक आहे तिथं चालत नाही. बलवडीच्या लोकांनी हे आपणहून मान्य केलं होतं, कुणी अधिकाऱ्यानं त्यांच्यावर लादलं नव्हतं.

घरटी वाट्यात न बसणारी

तरी एक फट राहते. वाटा घराला दिला की तो घरातल्या कर्त्या पुरुषाच्या नावावर जातो. आणि जिला घरच नाही तिचं काय?

त्या काळात याच भागात इंदुताई पाटणकर आणि स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीच्या बायकांनी परित्यक्तांचा प्रश्न लावून धरला. नवऱ्यानं टाकलेली बाई माहेरच्या रेशनकार्डावर नको असते, सासरच्या कार्डावरून नाव कमी झालेलं असतं. तिला स्वतंत्र कार्ड हवं, घराला जागा हवी, कसायला जमीन हवी, ही त्यांची मागणी. पाणीवाटपाच्या चर्चेत हाच मुद्दा नेमका लागू पडतो. नोंद घरटी असेल तर अशी बाई मोजली जात नाही, माणशी असेल तर मोजली जाते. नायगावचा माणशी हिशेब मला म्हणूनच अधिक पटतो. राबणाऱ्या हातांत निम्म्याहून अधिक बायकांचे आणि पाण्याच्या यादीत त्या कुणाच्या तरी पत्नी म्हणून, हे कुठल्याही काळात अन्यायाचंच.

दुसरी फट फिरत्या माणसांची. आटपाडी, जत, माणचे मेंढपाळ पावसाळा सरला की कळप घेऊन बाहेर पडतात. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीच्या सुमाराला गाव सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत यांच्यापैकी कोण असणार? माळावर चर खणायचे, झाडं लावायची, चराई बंद करायची असे ठराव मग त्यांच्या गैरहजेरीत होतात. हिरवं काम म्हणून त्याचा फोटो छान येतो. कुरण मात्र ज्याचं गेलं त्याला ते परत आल्यावर कळतं.

टेंभूपर्यंत पोहोचलेला प्रश्न

बळीराजा धरण लहान होतं आणि लहानच राहणार होतं. नदीवर जे वरून येईल तेवढंच त्याच्या वाट्याला. वर खटावात नेर आणि येरळवाडीचे तलाव आहेत, पाऊस कमी झाला की खाली फार काही उरत नाही. एका भिंतीनं तालुक्याचा दुष्काळ हटला, असा दावा कुणी करू नये.

पण वाट्याची मागणी तिथं थांबली नाही. 1993 पासून आटपाडीला दुष्काळी तेरा तालुक्यांची पाणी परिषद भरू लागली. इंग्रजांविरुद्धच्या प्रतिसरकारात लढलेले क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी तिच्या अग्रभागी होते, सांगोल्याचे गणपतराव देशमुख होते, भारत पाटणकरांचं श्रमिक मुक्ती दल होतं. मागणी होती कृष्णेचं पाणी उचलून पूर्वेकडे आणण्याची आणि ते समन्यायी पद्धतीनं वाटण्याची. कराड तालुक्यातल्या टेंभू गावाजवळून पाणी उचलणारी योजना त्याच दशकात मंजूर झाली. सातारा, सांगली, सोलापूर मिळून 80 हजार हेक्टरांच्या आसपास तिचं मूळ लाभक्षेत्र. आटपाडीत पाणी बंद नळीतून प्रत्येक गावाला आणि प्रत्येक कुटुंबाला द्या, ही मागणी चळवळीनं वर्षानुवर्षं रेटली.

इथं बलवडीचा मुद्दा आणखी पक्का होतो. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांचं पाणी टप्प्याटप्प्यानं वर चढवायला प्रचंड वीज लागते. त्या वीजबिलाचा 81 टक्के भार सरकारनं आणि 19 टक्के शेतकऱ्यानं सोसायचा, असं ठरलं आहे. म्हणजे पाणी चढतं ते बहुतांशी सगळ्या जनतेच्या पैशावर. गावातली शेतमजूर बाई दुकानातून तेल-साबण घेते त्यावरच्या करातही तो पैसा आहे. मग त्या पाण्यावर तिचा काहीच हक्क नाही, असं कोणत्या तोंडानं म्हणायचं?

कायदा काय म्हणतो ते पाहावं. 2005 साली राज्यानं सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणारा कायदा केला. पाणी वापर संस्था आल्या, कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला त्याचा हक्क मागता येऊ लागला, ही जमेची बाजू मोठी आहे. पण संस्थेचं सभासदत्व लाभक्षेत्रातल्या जमीनधारकालाच आणि पाणीही जमिनीच्या प्रमाणात. भूमिहीन आणि सातबाऱ्यावर नाव नसलेली बाई यांना बैठकीत खुर्ची नाही. बलवडीनं जे गावपातळीवर करून दाखवलं ते कायद्यात उतरलं नाही. माझ्या मते उतरायला हवं होतं, अजूनही उतरायला हवं.

आणि पाणी आलं की मागोमाग ऊस येतो. ज्या रानात माणसं टँकरची वाट बघत होती तिथं लागणी उभ्या राहिल्या. शेतकऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. वाटा ठरायच्या आधी पाणी पोहोचलं, तर ज्याच्याकडे मोटर आणि पाइप आहे तो ते घेणारच. एकदा उभ्या पिकाला पाणी सुरू झालं की त्यातलं निम्मं दुसऱ्याला द्या म्हणणं म्हणजे उभं पीक वाळवा म्हणणं होतं, आणि तसं कुठलीही ग्रामसभा म्हणत नाही. बलवडीत नियम झाले तेव्हा पाणी अजून नदीत होतं, कुणाच्याच शेतात नव्हतं. कुणाचंही काही हिसकावून घ्यावं लागत नव्हतं, म्हणून मोठ्या शेतकऱ्यांनाही मान्यता देणं जमलं. या प्रकरणातून एकच गोष्ट उचलायची असेल तर ही वेळ साधण्याची.

आजच्या आराखड्यात

ग्रामपंचायती दरवर्षी विकास आराखडा करतात, त्यात आता हवामान, पाणी, ऊर्जा हे विषय येतात. सामाईक पैशातून होणारं प्रत्येक पाण्याचं काम, मग ते ओढ्याचं खोलीकरण असो की सामुदायिक शेततळं, मंजूर होण्याआधी त्याच्या पाण्याचा वाटा ठरावात लिहिला जाऊ शकतो. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. पूर्ण समान वाटा आज कुणी मान्य करणार नसेल, तर निदान काही हिस्सा भूमिहीन आणि एकल बायकांच्या गटाला राखून ठेवता येईल. त्या गटानं वाट्याच्या किंवा गायरानातल्या तुकड्यावर चारा, भाजीपाला करावा. जनावरांच्या आणि मेंढरांच्या पिण्याचं पाणी हिशेबात सुरुवातीलाच धरावं.

आराखड्याचं पहिलं पान बहुतेक ठिकाणी गट नंबरांच्या यादीनं सुरू होतं. त्या आधी माणसांची यादी लागायला हवी. कोण वाट्यानं करतं, कोण तोडीला जातं, कुणाची मेंढरं आहेत, कोणती बाई एकटी राहते. ही माहिती अंगणवाडी सेविका, आशाताई आणि बचत गटाच्या अध्यक्षांना तोंडपाठ असते, कुणी विचारत नाही एवढंच. महाराष्ट्रात ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. ती बऱ्याचदा रजिस्टरवरच्या सह्यांपुरती होते. पाण्याच्या वाट्याचा विषय आधी त्या सभेत यावा, तिचा ठराव ग्रामसभेत वाचला जावा. आणि निर्णयाची सभा तोडणी कामगार आणि मेंढपाळ गावात असतात अशा दिवसांत ठेवावी. 15 ऑगस्टची त्याला सगळ्यात सोयीची.